दोन करायचे, एक मोडायचा

पगारे सरांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, व्हर्नियर असायचा, केसाएवढी जाडी मोजणारी पोलादी मोजपट्टी. पेन ते माझं मागून न्यायचे आणि परत द्यायला हमखास विसरायचे. पण त्यांच्या व्हर्नियरला कोणी बोट लावलं, तर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे असले तरी त्यांना कळायचं. मुलांनी लेथवर केलेले लोखंडी तुकडे त्याने मोजायचे, हे ठीकच. पण डबा उघडल्यावर भाकरीची जाडी मोजणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. "आज मधे जाड झालीय," असं ते पुटपुटायचे आणि मुकाट्याने जेवायचे. घरी जाऊन हे सांगायची त्यांची छाती नव्हती, असं पुढे सरांच्या बायकोने, शांतावहिनींनीच मला हसत हसत सांगितलं.

नाशिकरोडच्या एका तांत्रिक शाळेत मी टायपिस्ट होते. सत्तर साल नुकतंच सरलं होतं, माझं लग्न नवं होतं, आणि आमचे हे एकलहऱ्याला वीजकेंद्राच्या स्टोअरमध्ये लागले होते. पगारे सर मुलांना टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं काम शिकवायचे. एके दिवशी ते माझ्या टेबलाशी आले आणि हाताने लिहिलेला कागद पुढे करून म्हणाले, एवढं टाइप करून द्या. पत्र जर्मनीतल्या एका मोटारी बनवणाऱ्या कंपनीला होतं. तुमच्या इंजिनाची पिस्टनची पिन मापात किती फरकापर्यंत पास करता, असा एकच प्रश्न त्यात होता. मला हसू आलं. मी विचारलं, सर, तुमच्याकडे त्यांची गाडी आहे का?

"सायकल आहे," सर म्हणाले. "मला गाडी कुठे पाहिजे? मला त्यांची पद्धत पाहिजे."

त्या कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण सरही घेत नसत. ते नुसतं 'कारखाना' म्हणायचे. नाशिकरोडला कारखान्यांना काही तोटा नव्हता, पण सरांच्या तोंडी हा शब्द आला की शिपायालासुद्धा कळायचं, कुठला ते. एखाद्या मुलाने खडबडीत काम आणून दिलं की सर त्याला रागवायचे नाहीत. तुकडा उजेडात धरून एवढंच विचारायचे, "कारखान्यात चाललं असतं का?" शिव्या परवडल्या, पण हे नको, असं पोरं म्हणायची. पुढे पुढे हे वाक्य सगळ्या शाळेत पसरलं. कँटीनचा चहा पातळ झाला तरी कोणी ना कोणी विचारायचंच.

उत्तर येईल असं मला मुळीच वाटलं नव्हतं. चारेक महिन्यांनी ते आलं. जाड पाकीट होतं. परदेशी तिकिटं बघून प्राचार्यांनी आधी स्वतः उघडलं, मग सरांना बोलावलं. पिनेच्या प्रश्नाला एका ओळीचं उत्तर होतं, आणि सोबत कारखान्याच्या इतिहासाची चित्रांची पुस्तिका. त्यातलं लांबलचक शेडचं चित्र सरांनी कापून, काच लावून वर्कशॉपच्या भिंतीवर टांगलं. तेव्हापासून दर शनिवारचा शेवटचा तास 'कारखान्याचा तास' झाला. वेळापत्रकात तो कधीच नव्हता, पण त्या तासाला दांडी मारणारं पोर मी पाहिलं नाही.

मी खिडकीबाहेरून तो तास कितीतरी वेळा ऐकला. छपरातली एक लहानशी खोली, सुरूच न होणारं पहिलं इंजिन, आवाजाने वैतागलेले शेजारी, आणि पहिल्याच फेरीत बंद पडलेली गाडी ओढून आणणारे बैल. नुसत्या दार लावण्याच्या आवाजावरून अख्खी तयार गाडी परत पाठवणारा एक फोरमन तर सरांच्या फारच लाडका होता. यातलं पुस्तिकेत किती आणि सरांच्या मनातलं किती, हे मी शोधायला गेले नाही. बैल बहुधा सरांचेच असावेत.

पण त्या पुस्तिकेतली एक गोष्ट सरांनी फार मनावर घेतली होती. एका चित्रात पांढरे कोट घातलेली माणसं चांगले नवे भाग मुद्दाम मोडून बघत होती. झालं, तेव्हापासून सरांच्या वर्कशॉपचा कायदा ठरला. कुठलाही भाग एकटा करायचा नाही. दोन करायचे, एक मोडायचा. ज्याने केला त्यानेच तो व्हाइसच्या पकडीत धरायचा, घण घालायचा, आणि तुटलेल्या जागी आत काय निघालं ते वहीत लिहायचं. तीन तीन दिवस घासून केलेला तुकडा स्वतःच्या हाताने तोडताना पोरं कळवळायची. लोखंड फुकट जातं म्हणून स्टोअरकीपर तक्रार करायचा. सर दोघांनाही एकच सांगायचे, की दुसऱ्याने मोडण्याआधी आपण मोडलेलं बरं.

याच कायद्यापायी दिंडोरीचे आप्पा सरांवर चिडले होते. आप्पा द्राक्षांचे मोठे बागाईतदार. त्यांच्याकडे कारखान्याचीच एक जुनी डिझेल गाडी होती. तालुक्यात जर्मन गाडी म्हणजे आप्पांची, अशी तिची कीर्ती. ती कधी बिघडत नाही, असं आप्पा चारचौघांत सांगायचे. त्यामुळे ती बिघडली तेव्हा त्यांनी आठवडाभर ताडपत्रीखाली झाकून ठेवली. इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाची शाफ्ट, म्हणजे दांडा, गेली होती. परदेशातून मागवायची सोय नव्हती, आणि गाडीचं नाव ऐकूनच मेकॅनिक हात लावायला घाबरत. शेवटी कोणीतरी सरांचं नाव सांगितलं.

सर गेले, माप घेऊन आले, चार दिवसांत शाफ्ट केली. अर्थातच दोन केल्या. बसवायच्या दिवशी आमचे हेसुद्धा हौसेने सोबत गेले होते, पुढचं त्यांच्या तोंडून ऐकलेलं. दुसरी शाफ्ट सरांनी आप्पांच्या अंगणातच मोडायला काढली, तेव्हा आप्पा काकुळतीला आले. "सर, तीबी देऊन टाका ना. पडून राहील. पुढंमागं कामाला येईल." आप्पा चिडले, तरी सरांनी मोडलीच. तुटलेली जागा बघितली, मान हलवली, आणि मगच पहिली बसवली. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

मग चहा आला. सगळ्यांना कपबशी आणि सरांना वेगळा, कोनाड्यातून काढलेला काचेचा ग्लास. आमच्या यांना कुठे बघावं कळेना. सरांनी ग्लास हातात घेतला, खिशातून व्हर्नियर काढला आणि ग्लासाची कड शांतपणे चारही बाजूंनी मोजली. "एका अंगाला जाड आहे," ते म्हणाले, "कारखान्यात चालला नसता." ग्लास भरलेला तसाच ओट्यावर ठेवून ते निघाले. पुढे कित्येक वर्षं आप्पा ती शाफ्ट जर्मनीहून आणली असंच सांगत होते. सरांना त्याचं वाईट वाटलं नाही. उलट, पास झाली म्हणायची, असं म्हणून ते खूश होते.

हे मोटारीचं वेड आलं कुठून, असं मी एकदा त्यांना विचारलं. सरांचं गाव चांदवडकडचं. त्यांच्या लहानपणी एका गोऱ्या साहेबाची मोटार चांदवडच्या घाटात अडकली होती. सरांच्या वडिलांना, आबांना बोलावणं आलं, ते कामाला गेले, आणि त्यांनी आणखी आठदहा जणांबरोबर ती ढकलत घाट चढवून पुढे नेली. दोन दिवसांनी परत आले तेव्हा आबांचे खांदे सोललेले होते, पण बोलत होते ते मोटारीबद्दलच. "बाळा, मोटार लय भारी व्हती. झाकण उघडलं तर आत समदं चमकत व्हतं." ती मोटार कारखान्याचीच होती, असं सरांनी ठरवूनच टाकलं होतं. त्याला पुरावा काय, हे विचारायच्या भानगडीत मी पडले नाही. आबांना त्या कामाचं काय मिळालं, हेही मी विचारलं नाही. माझ्या मनातच ते आलं नाही.

पत्रं जात राहिली, अधूनमधून उत्तरं येत राहिली, आणखी दोनदा इतिहासाची पुस्तिकाही आली. सात-आठ वर्षांनी कारखान्याने कळवलं की तुमच्या शाळेला शिकवण्यासाठी एक कापलेलं इंजिन भेट द्यायचा विचार आहे. कापलेलं म्हणजे बाजूच्या भिंती कापून आतलं सगळं उघडं केलेलं. हँडल फिरवलं की पिस्टन वरखाली जाताना दिसतात. इतकी वर्षं सर हे फळ्यावर खडूने दाखवत आले होते. प्राचार्यांनी उद्घाटन समारंभाची स्मरणिका काढायचं ठरवलं आणि कारखान्याचा इतिहास लिहायचं काम सरांना दिलं. त्या दिवशी सरांनी माझं पेन नेलं आणि शाईची बाटलीसुद्धा.

त्याच सुमाराला एकलहऱ्याला यंत्र बसवण्याच्या कामावर एक पन्नाशीचा जर्मन इंजिनियर आला होता. आमच्या यांच्या ओळखीने मी त्याला शनिवारी शाळेत आणलं. सरांना केवढा आनंद! सरांनी नवा शर्ट घातला होता. पाहुण्याने मुलांची कामं बघितली, एकदोन तुकडे खिशातल्या रुमालाने पुसून पुन्हा बघितले, आणि शाबासकी दिली. मग त्याची नजर भिंतीवरच्या चित्रावर गेली. सरांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळा इतिहास त्याला ऐकवला, बैलांसकट. तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

मग तो हळू आवाजात इंग्रजीत सांगू लागला, आणि मी मराठीत सांगत गेले. तो कारखान्याच्याच गावचा होता. युद्धाच्या काळात शाळेत जाताना तो रोज सकाळी माणसांच्या रांगा त्याच्या फाटकातून आत जाताना बघायचा. दुसऱ्या देशांतून धरून आणलेली माणसं, पायात लाकडी खडावांसारखे जोडे, दोन्ही बाजूंना बंदूकवाले. काही दिवसांनी चेहरे बदललेले असायचे. आधीचे कुठे गेले, हे घरी विचारलं की आई गप्प बस म्हणायची.

सरांनी विचारलं, त्यांना पगार किती होता? पाहुणा म्हणाला, पगार नव्हता. सरांनी विचारलं, आणि नाही येत म्हटलं तर? पाहुण्याने खांद्याला बंदूक लावल्याची खूण केली.

सर माझ्याकडे वळले. "बाई, वेठीला इंग्रजीत काय म्हणतात?"

मी सांगितलं, फोर्स्ड लेबर. त्यांनी ते दोन शब्द फळ्यावर लिहून घेतले, आणि मग फळ्याकडे बघतच मला म्हणाले, "आबांनी घाटात मोटार ढकलली ती वेठच होती. चांदवडपासून पुढं दोन दिवस. भाकरीबी घरचीच. मी आपला कामाला गेले असं सांगत असतो."

माझे आजोबा गावचे पाटील होते. वेठीला माणसं धरायचे, हे आमच्या घरात जुन्या थाटाची गोष्ट म्हणून सांगायचे, आणि मीही ती तशीच ऐकलेली. कोणाला धरायचे, त्यांच्या घरी त्या दिवशी चूल कशी पेटायची, हे मी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी वर्कशॉपमध्ये मला फार लाज वाटली, आणि ती मी सरांना कधी बोलून दाखवली नाही. हे बोलायला हवं होतं.

पुढच्या शनिवारी सर चित्र उतरवतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी उतरवलं नाही. पाहुण्याने सांगितलेलं सगळं त्यांनी मुलांना सांगितलं आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी तुम्हाला अर्धाच इतिहास शिकवला. एकच भाग केला आणि मोडून बघितला नाही. चूक माझी आहे." एका मुलाने विचारलं, म्हणजे सर, त्यांचं काम वाईट का? "काम चांगलंच आहे," सर म्हणाले. "म्हणून तर विचारायचं."

स्मरणिकेच्या लेखात सरांनी वेठीचा परिच्छेद घातला. प्राचार्यांनी तो वाचून सरांना बोलावलं. प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांचं म्हणणं होतं, की ज्यांच्या भेटीचा समारंभ त्यांचंच असं छापायचं का? शिवाय ही पोरं जन्मात पहिल्यांदा इंजिन आतून बघणार आहेत. त्यांच्या तोंडचा घास आपण कशाला काढायचा? हे शेवटचं सरांना लागलं. तो आठवडा त्यांनी भाकरी मोजली नाही.

सोमवारी ते माझ्याकडे दोन पत्रं घेऊन आले, दोन्ही टाइप करा म्हणाले. पहिल्यात इंजिनाबद्दल आभार होते आणि तारीख विचारली होती. दुसऱ्यातही आभार होतेच. पण पुढे लिहिलं होतं, की आपण मला इतिहास तीनदा पाठवला, त्यात युद्धाची वर्षं नाहीत. त्या वर्षांत आपल्याकडे वेठीला माणसं होती असं समजतं. ती किती होती, आणि त्यांची नावं आपल्याकडे लिहिलेली आहेत का, हे मी मुलांना शिकवतो म्हणून मला कळायला हवं.

मी दोन्ही टाइप केली. सरांनी उभ्या उभ्या वाचली आणि पहिलं चार तुकडे करून माझ्या टोपलीत टाकलं. मी घाबरून म्हटलं, सर, इंजिन जाईल.

"जाईल," सर म्हणाले. "आबांना वाचून दाखवतोय असं धरून दोन्ही वाचली. पहिलं टिकलं नाही."

इंजिन आलं नाही. कोणी म्हणालं आयातीचे कागद अडकले, कोणी म्हणालं कारखान्याने विचार बदलला. खरं काय, मला आजही माहीत नाही. स्मरणिका निघाली नाही, समारंभ झाला नाही, आणि स्टाफरूममध्ये बरेच दिवस सरांशी कोणी धड बोलेना.  एका सकाळी सर सायकलवर टांग टाकून थेट दिंडोरीला गेले आणि आप्पांकडून ट्रॅक्टरचं भंगारात काढलेलं इंजिन मागून आले. आप्पांनी ते ट्रॉलीत घालून स्वतः आणून दिलं. वर्कशॉपमध्ये त्यांच्यासाठी आम्ही पितो त्याच कपात चहा आला. आप्पांनी कपाची कड मोजली नाही, प्यायले.

ते इंजिन कापायला मुलांच्या दोन तुकड्या खर्ची पडल्या. करवतीच्या पात्यांचा तर हिशेबच नाही. मापात कापायचं, घासायचं, कापलेल्या कडांना लाल रंग द्यायचा. हे सगळं शनिवारच्या तासाला चालायचं, आणि त्या आवाजावर आवाज चढवून सर इतिहास सांगायचे, आता सगळा. इंजिन पुरं झालं त्या दिवशी सरांनी स्वतः हँडलला हात लावला नाही. एकेका मुलाला बोलावून फिरवायला लावलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून पिस्टन वरखाली जाताना बघत राहिले. प्राचार्यांनीही एकदा फिरवून पाहिलं, मग पुन्हा एकदा.

सर निवृत्त झाल्याला दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा शाळेत त्यांच्या नावाने एक पाकीट आलं. तिकिटं ओळखीची होती. या वेळी ते कोणालाही उघडू न देता मी पर्समध्ये घातलं आणि रविवारी त्यांच्या कॉलनीत गेले. सरांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून ते ओसरीत बसले होते. बंडीच्या खिशात व्हर्नियर होताच. शांतावहिनी म्हणाल्या, आता दिसत नाही तर बोटांनी मोजतात.

मी पत्र वाचून दाखवलं. उशिराबद्दल क्षमा मागितली होती. आपलं पत्र जुन्या कागदांत सापडलं. असे प्रश्न आता आमच्या इथेही लोक विचारत आहेत आणि त्या वर्षांचा इतिहास लिहायला घेतला आहे, असं होतं. हो, अशी माणसं इथे होती. त्यांना मजुरी दिली जात नव्हती. काहींची नावं मिळाली आहेत, पुष्कळांची कुठेच लिहिलेली नाहीत. हे शेवटचं वाक्य सरांनी मला पुन्हा वाचायला लावलं.

"उत्तर लिहा बाई."

टाइपरायटर नव्हता, मी माझं पेन काढलं. सर मराठीत सांगत होते आणि मी इंग्रजीत उतरवत होते. खरं सांगितल्याबद्दल आभारी आहे. ज्यांची नावं मिळाली ती छापावीत, मिळाली नाहीत त्यांचा शोध सोडू नये. मग म्हणाले, लिहा, "माझे वडील कचरू लखू पगारे. त्यांनी चांदवडच्या घाटात एक मोटार वेठीने ढकलली. ती तुमची होती का, मला माहीत नाही. तुमची असो नसो, त्यांचं नावही कुठं लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी इथं लिहितो."

खाली सही करताना त्यांचं बोट मी ओळीवर नेऊन ठेवलं. मग ते म्हणाले, आणखी एक करा. मी जसंच्या तसं दुसरं लिहिलं, त्यावरही सही घेतली, आणि दोन्ही कागद त्यांच्या हातात देऊन विचारलं, यातलं मोडायचं कुठलं?

सरांनी दोन्ही कागदांवरून बोट फिरवलं. "यातलं नाही मोडायचं. एक तिकडं जाऊ द्या, एक इथं राहू द्या. आबा दोन्हीकडं राहतील."

तिकडे जायचा कागद मी पर्समध्ये घातला. निघताना मला रडू आवरेना, म्हणून चहाला न थांबताच मी बाहेर पडले. गल्लीच्या टोकाला जाऊन वळून पाहिलं, तर सर काळा चष्मा लावून दारात उभे होते. एका हातात तो कागद होता आणि बंडीच्या खिशात व्हर्नियरशेजारी माझं पेन होतं. मी ते मागायला परत गेले नाही.